पाण्याचा वार, पुण्याची गाडी

पहाटेचे चार. सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या गल्लीत कुणीतरी हाक देतं, "पाणी आलं बे!" आणि घरोघरी दिवे लागतात. आज पाचव्या दिवशी आलंय. मोटारी घरघरायला लागतात, समोरची अक्का तेलुगूत सुनेला हाका मारत पिंप ओढतेय. मी नळी हौदात सोडतो आणि बाहेरच्या तोटीखाली घागर लावतो. धार चालू आहे तोवर हौद, वरची टाकी, न्हाणीतल्या बादल्या, पिण्याच्या कळश्या, सगळं भरायचं. बायको हंड्याच्या तोंडाला फडकं बांधतेय. आई खाटेवरूनच विचारते, "धार मोठी आहे का रे?" मी "आहे" म्हणतो तेव्हा कुठे ती पुन्हा आडवी होते.

मुलगी केस बांधत दारात येते. रविवार घरी काढून ती आज पुण्याला परत चाललीय. "पप्पा, उन्हाळ्यात तिकडे सोसायटीतही टँकर येतो," ती म्हणते, "पण त्यासाठी मला उठावं लागत नाही."

खरं आहे, आणि ऐकताना माझ्या पोटात तुटतं. उजनी धरण इथून शंभरेक किलोमीटरवर. तिथून जलवाहिनीनं येणारं, भीमेत सोडून टाकळीजवळ बंधाऱ्यात अडवलेलं आणि हिप्परग्याच्या तलावातलं, असं तीन ठिकाणचं पाणी या गावाला मिळतं. उजनी भरल्याची बातमी आली तरी आमचा पाण्याचा वार तोच राहतो. धरणात पाणी असणं वेगळं. २०११च्या जनगणनेतच साडेनऊ लाखांवर गेलेल्या गावात ते टाक्यांवर चढवून रोज घरोघरी पोचवणं वेगळं. रोज पाणी न येण्याची किंमत सगळ्यांत जास्त अक्कासारख्या बाया देतात. ती विड्या वळते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. पाण्यात गेलेली सकाळ तिच्या हिशेबातून सरळ वजा होते.

सहा वाजता मी स्कूटर काढतो. डबा बायकोनं आधीच बांधून दिलाय: कडक भाकरी आणि शेंगाचटणी, पुण्यात लेकीबरोबर राहणाऱ्या दोघी मुलींनाही पुरेल इतकी. रस्ता मोकळा आहे. सिद्धेश्वराच्या तळ्यावर फिरायला निघालेली माणसं दिसतात, एक-दोघं हात करतात. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी फुलवाला दुकान लावतोय. मागे बसलेली पोरगी म्हणते, "सुट्टी कधी संपते कळतच नाही. इथे कुठेही निघालं की पोचलंच." पुण्यात तिचे रोजचे दोन-अडीच तास ऑफिसच्या वाटेवर जातात. इथे तेवढ्या वेळात ती आजीला देवळात नेते, मैत्रिणीला भेटते, भाजी आणते आणि तरी जेवायला घरात असते.

स्टेशनावर हुतात्मा एक्स्प्रेस लागलेली आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३०मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ला या चौघांना पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांची आठवण सांगणारी गाडी आमची पोरं रोज पुण्याला नेते. फलाटावर आज बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरची मुलं आहेत: पाठीला लॅपटॉप, हातात डब्याची पिशवी, शेजारी वडील नाहीतर भाऊ. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळं एकदम कानावर येतं. गावातली इंजिनिअरिंग कॉलेजं दरवर्षी मुलं तयार करतात. त्यांच्याजोगं काम मात्र गावात फार थोडं. चादरी-टॉवेलचे यंत्रमाग आहेत, विडी आहे, भोवती साखर कारखाने आहेत, अलीकडे गणवेश शिवण्याचा धंदा चांगला वाढलाय. पण सॉफ्टवेअर शिकलेल्या मुलीनं इथे काय करायचं, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

"काम मिळालं तर येशील?" मी विचारतो. आजवर कधी विचारलं नव्हतं.

ती लगेच बोलत नाही. मग डब्याच्या पायरीवर एक पाय ठेवून म्हणते, "पप्पा, पगाराचं बघता येईल. पण तिकडे मी रात्री दहाला घरी आले तर कुणी काही म्हणत नाही. परवा मी सात रस्त्यावर मित्राबरोबर चहा प्यायले, तर मी घरी यायच्या आत आजीला ठाऊक होतं."

परवा सांगणारे तिघे होते. तिघंही चांगले आहेत. मागच्या पावसाळ्यात आई न्हाणीत पडली तेव्हा मी बाहेरगावी होतो. त्या तिघांतल्याच एकानं तिला उचलून रिक्षात घातलं होतं. म्हणून त्यांच्यावर रागावताही येत नाही. पण माझ्या लेकीला चहा पिताना मागे वळून बघावं लागतं, हे त्या मदतीनं फिटत नाही. हे मी तिला बोलून दाखवेपर्यंत गाडी हलते.

नऊ वाजता आईला घेऊन रेल्वे लाइन्समधल्या डॉक्टरांकडे येतो. दवाखान्याबाहेर कर्नाटकाच्या पाट्यांच्या दोन जीपा उभ्या आहेत. इंडी, आळंद, अक्कलकोट, उमरगा, सगळ्या बाजूंनी माणसं उपचाराला इथेच येतात. नंबर देणारी मुलगी एका आजोबांशी कन्नडमध्ये बोलते, लगेच वळून आईला मराठीत विचारते, "आजी, उपाशीपोटी आलाय ना?" आईचं रक्त घेऊन होतं, कागद हातात पडतो, डॉक्टर तिची जुनी फाईल न मागता गोळी बदलतात. ते तिला वीस-बावीस वर्षं बघतायत. घरून निघाल्यापासून तास झालेला नाही. पुण्यात माझ्या मेव्हण्याचा अख्खा दिवस एवढ्याच कामात जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हातारपणी राहायला मला यापेक्षा बरं गाव ठाऊक नाही. माझं दुखणं एवढंच की ते मला आणि आईला जितकं सोयीचं आहे, तितकं तेवीस वर्षांच्या पोरीला नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर शेजाऱ्यांचा मुलगा भेटतो. सहा वर्षं पुण्यात नोकरी करून तो परत आलाय, अक्कलकोट रोडला भाड्याच्या शेडमध्ये शाळांचे गणवेश शिवून घेतो. "काका, शिलाईला माणसं मिळतात," तो म्हणतो. "बाहेरच्या राज्यांतल्या शाळांच्या ऑर्डरी, मापं, हिशेब, हे सगळं कॉम्प्युटरवर बसवून देणारं कुणी मिळत नाही. ताईला विचारा ना. पुण्याएवढा पगार नाही जमणार, पण फसवणार नाही."

आईला रिक्षात बसवतो आणि तिथेच उभं राहून मुलीला मेसेज लिहितो. गाडी अजून वाटेतच असेल. काम सांगतो, पगार कमी असेल हेही लिहितो. थोड्या वेळानं तिचं उत्तर येतं: "उशीर झाला तर कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस, असं विचारणार नाही ना?"

मी लिहितो, "मी नाही विचारणार. आजीशी आज बोलतो. गल्लीतल्या तिघांशीही बोलतो."

"बोला. आणि पगार नक्की किती, विचारून ठेवा. नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे म्हणावं."