द्वारा ५६ एपीओ

शिराळा पेठा सातारा जिल्ह्यात होता त्या काळात फौजेतून घरी येणारं पत्र वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावानं यायचं. सुरुवात साष्टांग नमस्काराची, मग इकडील क्षेम, पाऊसपाणी, बैल, गहाण पडलेलं रान. बायको यायची ती शेवटी, ‘घरी सर्वांना’ यात. तिच्या नावानं पत्र घालणं म्हणजे थेरं! शिवाय लिहिणारा पलटणीतला कुणी लिहिता-वाचता आणि घरी वाचून दाखवणारे शाळेतले गुरुजी. चार माणसांदेखत वाचल्या जाणाऱ्या कागदावर नवरा-बायको काय बोलणार? ‘गाभण म्हैस सांभाळा, जड कामं करू नका’ या वाक्यातलं दुसरं अर्धं म्हशीला उद्देशून नाही, एवढं चुलीपाशी बसलेलीला कळत असणार.

पहिल्या महायुद्धात या माणसांत आणखी एक वाचक वाढला. १९१४ च्या अखेरीला फ्रान्समधल्या बुलोन बंदरात कॅप्टन ई. बी. हॉवेल यांच्या हाताखाली हिंदी सैनिकांची पत्रं तपासणारं कार्यालय सुरू झालं. निवडक पत्रांतले उतारे इंग्रजीत उतरवून वरिष्ठांकडे जात. आज सैनिकांच्या मनातलं जे वाचायला मिळतं, ते बरंचसं या पाळतीमुळेच टिकलं. शिपाईही कच्चे नव्हते. हिंदी पलटणी ‘काळी मिरी’ आणि गोरे ‘लाल मिरची’ असा हिशेब लिहून ते आघाडीवरची खबर घरी पोचवत. फ्रेंच बायकांची वर्णनं मात्र बऱ्याचदा पकडली जात.

मराठे मुख्यतः मेसोपोटेमियात होते. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुत-अल-अमारात १४७ दिवस वेढल्या गेल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची नोंद आहे. गावात मृत्यूची बातमी आणणारं कार्ड कोपरा फाडलेलं असे. ते घरात न ठेवता वाचून लगेच टाकून देत, म्हणून असा पुरावा फारसा हाती लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात चित्र गुंतागुंतीचं झालं. याच जिल्ह्यातली पोरं आधी इरिट्रियात केरेनला, मग इटलीत लढत होती आणि इकडे १९४२ पासून टपाल कचेऱ्या, तारा आणि रेल्वे हे ‘चले जाव’ आंदोलकांचं लक्ष्य होतं. इंग्रज सरकारला न मानणाऱ्या नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या मुलखात लढाईवरच्या नवऱ्याचं पत्र त्याच इंग्रज सरकारच्या टपालातून यायचं!

स्वातंत्र्यानंतर निळं अंतर्देशीय पत्र आलं, मुली शाळेत जाऊ लागल्या आणि मधले वाचक गळाले. गोंद लावून बंद होणारा तो कागद पोस्टकार्डापेक्षा कितीतरी धीट. पत्ता मात्र नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘द्वारा ५६ एपीओ’, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. नवरा लडाखला आहे की पठाणकोटला, हे त्यावरून कळत नसे.

पण नवरा शत्रूच्या हाती पडला तर पत्राचं काय? १९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या दोन वैमानिकांची गोष्ट त्याचीच. जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याला महिन्याला निदान २ पत्रं आणि ४ कार्डं लिहिण्याची मुभा आहे, पण त्यासाठी तो कैदी असल्याची नोंद व्हायला हवी. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर रावळपिंडीच्या छावणीत नोंदलेले होते. १३ ऑगस्ट १९७२ ला दोन सहकाऱ्यांसह ते तिथून निसटले, पकडले गेले आणि त्याच वर्षाअखेरीस मायदेशी परतले. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं सुखोई ५ डिसेंबर १९७१ ला शोरकोट रोडवरच्या हल्ल्यात पडलं. त्यांची पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकांत ‘टॉम्बे’ असं नाव छापून आलं, १९७९ ला लोकसभेत मांडलेल्या बेपत्ता सैनिकांच्या यादीतही तांबे होते. पाकिस्ताननं मात्र ते आपल्याकडे असल्याचं कधीच मान्य केलं नाही. ज्या पत्राला पत्ताच नाही ते टाकायचं कुठे? २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातलग पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आले. त्यांत दमयंतीताई होत्या. त्यांना विजय भेटले नाहीत.