वेबसाइट करून घेताना सातबारा कोणाच्या नावावर?

आजचा विषय तुमच्यातल्याच एका गटानं सुचवला. बांबूच्या टोपल्या, सुपं आणि मोहफुलांचे लाडू करणारा हा गट आहे. प्रदर्शनात माल खपतो, पण मग मुंबईला परत गेलेली गिऱ्हाईक बाई चार महिन्यांनी पुन्हा लाडू मागवायचे म्हणते, तेव्हा तिच्याजवळ ना गटाचं नाव असतं ना फोन. म्हणून वेबसाइट करायची ठरली. दोघांनी भाव सांगितले. एकानं आठ हजार सांगितले, दुसऱ्यानं पंचेचाळीस. गटाचा प्रश्न असा की, एवढा फरक कशाचा आणि कोणाला काम द्यायचं?

भावाकडे आपण येऊच. त्याआधी मी उलटा प्रश्न विचारते. वेबसाइट आत्ताच लागते का? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे. त्यात मालाचे फोटो आणि भाव लावून यादी करता येते. गुगलच्या नकाशावर गटाची जागा फुकट नोंदवता येते. उमेद अभियानाचं उमेदमार्ट आहे, तिथं बचत गटांचा माल ऑनलाइन विकतात. महिन्याला पाच-सात ऑर्डर येत असतील तर एवढ्यावर वर्षभर भागतं. पण दुकानदार, हॉटेलवाले, भेटवस्तू घेणाऱ्या कंपन्या तुमच्याबद्दल विचारायला लागल्या, दर वेळी फोनवर तेच ते सांगावं लागू लागलं, की स्वतःच्या पत्त्याची गरज पडते. त्या गटाची ती वेळ आली आहे असं मला वाटतं.

आता वेबसाइट म्हणजे काय ते घराच्या हिशेबानं समजून घेऊ. तिचे तीन भाग असतात. पहिला भाग नाव, म्हणजे डोमेन. आपला पत्ता तो. दुसरा भाग जागा, म्हणजे होस्टिंग. आपली पानं आणि फोटो ज्या मोठ्या संगणकावर राहतात तिथलं ते भाडं. तिसरा भाग बांधकाम. ते डिझायनर करतो. घर बांधताना आपण मिस्त्री लावतो. तो भिंती उभ्या करतो, मजुरी घेतो, जातो. प्लॉटचा सातबारा त्यानं स्वतःच्या नावावर करून घेतला तर? गावात असं कोणी होऊ देणार नाही. वेबसाइटच्या बाबतीत मात्र हेच सर्रास होतं, आणि बहुतेक वेळा त्यात मिस्त्रीची लबाडीही नसते. तो म्हणतो, “ताई, तुम्हाला कशाला त्रास, मी माझ्याच खात्यातून नाव घेऊन टाकतो.” आपल्यालाही बरं वाटतं. दोन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला लागतो, फोन नंबर बदलतो. नावाचं नूतनीकरण करायची वेळ येते, सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जाते आणि कोणी पाहत नाही. मुदत संपून सवलतीचे दिवसही गेले की ते नाव जगातला कोणीही विकत घेऊ शकतो. तुमच्या डब्यांवर, पिशव्यांवर, प्रदर्शनात वाटलेल्या कार्डांवर तोच पत्ता छापलेला असतो.

आपल्या भागाला ही गोष्ट वेगळी समजावायला नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्येच मिळाला होता. तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती नव्हतं, तोवर आपला बांबू बाहेर नेऊन विकता येत नव्हता. ते पुस्तक एप्रिल २०११ मध्ये हाती आलं, तेव्हा कुठे विक्री सुरू झाली. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, आपल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला हजार हेक्टरांवर जंगलाचा हक्क मिळाला. बांबू तोडणं, मोजणं, लिलाव करणं आणि हिशेब ठेवणं ग्रामसभेनं स्वतःकडे घेतलं. हक्क कागदावर असून भागत नाही, परवान्याचं पुस्तक हातात लागतं. वेबसाइटचं ते पुस्तक म्हणजे डोमेनच्या खात्याचा ईमेल, पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल नंबर.

म्हणून डिझायनर शोधायच्याही आधी नाव गटानं स्वतः घ्यायचं. आपल्या देशातली डॉट इन नावं निक्सी नावाच्या संस्थेच्या कारभाराखाली येतात, पण विकत घ्यायची ती मान्यता असलेल्या कंपनीकडून. अशा कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. साध्या नावाला वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो. एका वेळी १ वर्षापासून १० वर्षांपर्यंतची मुदत घेता येते. तीन वर्षांची घ्या, दरवर्षीची धास्ती जाते. पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका. दुसऱ्या वर्षी किती पडेल ते त्याच पानावर बारीक अक्षरात असतं, ते वाचून घ्या. होस्टिंगचंही असंच.

खात्यासाठी गटाच्या नावाचा वेगळा ईमेल काढा. अध्यक्षबाईंच्या मुलाचा ईमेल देऊ नका. मुलगा कितीही गुणी असो, अध्यक्ष बदलल्यावर अडचण होते. मोबाइल नंबर असा द्या की जो गटाकडेच राहील. तो नंबर रिचार्जविना बंद पडू देऊ नका, कारण ओटीपी त्यावरच येणार. नाव निवडताना एक सोपी परीक्षा घ्या. दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीला फोनवर नाव सांगा आणि तिला इंग्रजीत टाइप करायला लावा. पहिल्याच खेपेला बरोबर आलं तर ठेवा. २०१४ पासून डॉट भारत म्हणून देवनागरीतही नाव घेता येतं. हौस असेल तर तेही घ्या, पण इंग्रजी अक्षरांतलं नाव सोडू नका, कारण बरेच लोक अजून तेच टाइप करतात.

आता मिस्त्री, म्हणजे डिझायनर. तो चंद्रपूरचा असो, नागपूरचा असो की गावातलाच कॉलेजात शिकणारा पोरगा असो, त्यानं आधी केलेल्या तीन वेबसाइट दाखवायला सांगा. त्याच्या लॅपटॉपवर बघू नका, तुमच्या फोनवर आणि गावातल्या रेंजवर उघडा. वर्धा आणि वैनगंगेच्या मधल्या आपल्या गावांत रेंज कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. जी वेबसाइट उघडता उघडता चहा होतो, ती पाहुणा सोडून देतो. मग त्या तिन्ही ठिकाणी फोन करा. काम चांगलं झालं का, एवढंच विचारून थांबू नका. “काम झाल्यावर भाव बदलायचा असला तर तो फोन उचलतो का?” हे विचारा. खरं उत्तर तिथं मिळतं.

आणखी एक बघा. मराठी मजकुरावर बोट दाबून धरा. अक्षरं निवडता आली तर मजकूर खरा टाइप केलेला आहे. निवडता येत नसतील तर बहुधा मजकुराचा फोटो चिकटवलेला असतो. फोटोतलं लिखाण गुगलला शोधायला जड जातं, आणि एक शब्द बदलायचा तरी पुन्हा डिझायनरकडे जावं लागतं.

आठ हजार आणि पंचेचाळीस हजार यांतला फरक बराचसा इथंच असतो. स्वस्तातला माणूस बहुधा तयार साचा घेतो आणि त्यात तुमचं नाव-फोटो भरतो. त्यात वाईट काही नाही, पाच पानांच्या वेबसाइटला साचा पुरतो. महागातला माणूस खरेदीची टोपली, ऑनलाइन पैसे भरायची सोय, गिऱ्हाइकाचं खातं असं सगळं घालून भाव सांगतो. पहिल्या वर्षी हे नकोच, असं माझं मत आहे. ऑनलाइन पैसे घेणारी कंपनी गटाची कागदपत्रं मागते, प्रत्येक व्यवहारावर काही टक्के कापते, आणि माल संपलेला असताना कोणी पैसे भरले तर परत करायची कटकट आपल्यामागे लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देण्याचं एक बटण ठेवा. बोलणं होऊ द्या, मग गटाच्या खात्यावर पैसे घ्या. ऑर्डर वाढल्या की टोपली लावता येते. आणि पैशांची कुठलीही सोय करताना बँकेचा ओटीपी डिझायनरला सांगायचा नाही. तो कितीही जवळचा असो.

जवळचा असणं हीच पुष्कळदा अडचण होते. “वहिनीचा भाचा आहे, फुकट करून देतो म्हणतो, त्याच्याशी कागद कसा करायचा?” असं एका ताईनं मला विचारलं. फुकटच्या कामालाच कागद जास्त लागतो. पैसे दिलेले असले की निदान मागता येतं. फुकटच्या कामात तगादा लावला की नातं तुटतं. आणि कागदाचं दुसरं कारण कायद्यात आहे, ते नीट ऐका.

१९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की निर्मिती ज्यानं केली, हक्क आधी त्याचा. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं. पण बाहेरून लावलेला डिझायनर आपला नोकर नसतो. म्हणजे पूर्ण पैसे मोजले तरी वेबसाइटची मांडणी, त्यानं लिहिलेला मजकूर आणि आतला कोड यांचा हक्क त्याच्याकडेच राहू शकतो. तो आपल्याकडे यायला लेखी लागतं आणि त्यावर त्याची सही लागते. त्या लेखात किती काळासाठी हे लिहिलं नाही तर कायदा ५ वर्षं धरतो. म्हणून “कायमचा” हा शब्द घाला. गंमत म्हणजे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंना नियम वेगळा आहे. तिथं उलट काही ठरलं नसेल तर हक्क पैसे देणाऱ्याचा. तरी फोटोंचाही उल्लेख कागदात करून टाका, वाद राहत नाही.

कागद इंग्रजीत नको आणि वकिली भाषाही नको. दोघांना कळेल अशा मराठीत एक पान पुरे. किती पानं होणार आणि कोणती, मजकूर आणि फोटो कोण देणार, मराठीबरोबर इंग्रजी पानं हवीत का, किती वेळा दुरुस्ती करून मिळणार, काम कोणत्या तारखेला संपणार, हे त्यात लिहा. पुढे वर्षभर देखभालीचे किती पैसे आणि त्यात नेमकं काय काय, हे वेगळं लिहा, कारण भांडणं इथंच होतात. “सपोर्ट मिळेल” असं मोघम लिहिलेलं चालवून घेऊ नका. महिन्यातून किती वेळा भाव किंवा फोटो बदलून देणार, हा आकडा हवा. पैसे तीन हप्त्यांत द्या. थोडे सुरुवातीला, थोडे नमुना बघून, आणि शेवटचा मोठा हप्ता सगळ्या चाव्या हातात आल्यावर. रोख नको. गटाच्या खात्यातून द्या आणि पावती घ्या, म्हणजे गटाच्या लेखापरीक्षणात प्रश्न येत नाही. हे सगळं बैठकीत वाचून ठराव करा, दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्या.

मजकूर मात्र तुम्हीच लिहा. डिझायनरला लाडवातलं काय कळणार? त्याच्यावर सोडलं की तो इंटरनेटवरून उचलतो आणि तुमच्या पानावर लिहितो की मोहाच्या लाडवानं अमुक आजार बरा होतो. असं छापू नका. १९५४ च्या कायद्यानं काही आजारांवरच्या उपचाराच्या जाहिरातींना बंदी आहे, आणि जबाबदार तुमचा गट धरला जाईल. लाडू लाडू म्हणूनच विका. वजन, भाव, किती दिवस टिकतो, ऑर्डर दिल्यापासून किती दिवसांत निघतो, एवढं नेमकं लिहा. खाण्याच्या मालाला अन्नसुरक्षेचा १४ आकडी नंबर असतो, तो पानावर दिसू द्या. टोपलीची उंची आणि तोंडाची रुंदी इंचांत लिहा, कारण पुण्याची बाई फोटोवरून माप ओळखत नाही. पावसाळ्यात बांबूला बुरशी लागते, माल उशिरा निघतो, तर तसंही लिहा. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे नियम आहेत. विक्रेत्याचं नाव, पत्ता, फोन आणि तक्रार कोणाकडे करायची हे त्यात सांगावं लागतं. परराज्यात माल पाठवायचा झाला तर जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो, हातकलेच्या वस्तूंना त्यात काही सवलत आहे. हे डिझायनरला विचारू नका, कर सल्लागाराला विचारा.

काम झालं की ताबा घेण्याचा एक दिवस ठरवा. डिझायनरला समोर बसवा. डोमेन, होस्टिंग, वेबसाइट आणि ईमेल या चारही खात्यांचे पासवर्ड गटाच्या फोनवरून, त्याच्यादेखत बदला. मग गटातल्या दुसऱ्या बाईनं तिच्या फोनवरून नव्या पासवर्डनं आत जाऊन एका लाडवाचा भाव बदलून दाखवायचा, पुन्हा होता तसा करायचा. तिला जमलं तरच शेवटचा हप्ता द्या. सगळ्या पानांची एक प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्या. पुढे देखभाल त्याच्याकडेच असेल तर त्याला वेगळा पासवर्ड काढून द्या, म्हणजे काम थांबलं की तेवढाच बंद करता येतो.

पासवर्ड लिहिलेला कागद पाकिटात घालून, पाकिटावर सह्या करून गटाच्या पेटीत ठेवा. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, हा आपला नियम आहेच. नूतनीकरणाची तारीख ठरावाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहा, आणि त्याच्या एक महिना आधीच्या बैठकीत विषय म्हणून घ्या.

भाव मागवलेला कागद तुमच्याकडे असेल तर पुढच्या बैठकीत तो वाचून बघा. डोमेन कोणाच्या नावावर राहील हे त्यात लिहिलेलं नसेल, तर सही करायच्या आधी तेवढी एक ओळ त्याच्याकडून लिहून घ्या.