खांदा बदलायचा, पण कोणता?

खापरावरचा मांडा दोन्ही हातांवर फिरवत मोठा करायचा असतो. सत्तरी ओलांडली आणि माझ्या उजव्या हाताने ते काम सोडलं. खांद्यातली कूर्चा झिजून हाडाला हाड टेकलंय. गोळ्या, व्यायाम, इंजेक्शन सगळं झालं, तरी त्या कुशीवर झोपता येत नाही.

धुळ्यात गुडघे बदललेल्या बायका गल्लोगल्ली भेटतात, खांदा बदललेली शोधावी लागते. सल्ले मात्र भरपूर. कुणी म्हणतं इम्पोर्टेड बसवा, कुणी म्हणतं रिव्हर्सच घ्या.

डॉक्टरांनी माझा हात बाजूला उचलून धरला आणि सोडला. तो धपकन खाली आला. "आजी, सांधा तर झिजलाच आहे, पण गोळा वाटीत धरून ठेवणाऱ्या कंडराही फाटल्यात," ते म्हणाले. या कंडरांना रोटेटर कफ म्हणतात. एमआरआयतही तेच निघालं. निवड बरीचशी तिथेच ठरते.

कफ शाबूत आणि हाड चांगलं असेल तर नेहमीचा सांधा बसवता येतो : दंडाला धातूचा गोळा, खांद्याला प्लास्टिकची वाटी. हात बऱ्यापैकी पूर्वीसारखा फिरतो. पण पुढे वाटी सैल होऊ शकते आणि कफ फाटला तर हात पुन्हा अडतो. म्हणून सत्तरीपुढे कफ धड असूनही बरेच सर्जन रिव्हर्स सुचवतात.

रिव्हर्समध्ये गोळा खांद्याच्या पात्याला आणि वाटी दंडाला. फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी तो 1985 साली आणला, अमेरिकेत परवानगी मिळायला 2003 उजाडलं. फाटलेल्या कफचं काम खांद्यावरचा जाड डेल्टॉइड स्नायू करतो. हात डोक्यापर्यंत जातो, पाठीमागे मात्र कमी वळतो. ब्लाउजचे हूक मागे असतील तर पंचाईत! सांधा निखळण्याची, खांद्याच्या टोकाचं हाड तडकण्याचीही थोडी भीती असते.

नुसता गोळा बदलण्याचं अर्धं ऑपरेशनही आहे. आपली वाटी झिजतच राहते, दुखणं परततं. माझ्या वयाला मला ते पटत नाही.

पॅरिसच्या पेआँ यांनी 1893 साली बसवलेला प्लॅटिनम-रबराचा खांदा जंतुसंसर्गामुळे दोन वर्षांत काढावा लागला होता. ती धास्ती आजही आहे. तेव्हा साखर आटोक्यात ठेवा आणि खांद्यात इंजेक्शन घेतलं असेल तर सर्जनला तारीख सांगा, त्यानंतर साधारण तीन महिने थांबतात.

मी रिव्हर्स ठरवलाय. तुम्ही जाल तेव्हा कंपनी नंतर विचारा. आधी विचारा, माझा कफ कसा आहे आणि असे खांदे तुम्ही वर्षाला किती करता? सांध्याची किंमतही लेखी घ्या. 2017 साली सरकारने किमतीला लावलेला लगाम गुडघ्यासाठी होता.