डास तलावातला नाही, रांजणातला

पावसाळा लागला की आमच्या मेहरूणच्या बचत गटांच्या बैठकीत हप्त्याच्या हिशोबाआधी डासांचा विषय निघतो. पहिलं बोट तलावाकडे जातं आणि मागणी होते ती धुराच्या गाडीची. म्हणून आज डासाचं घर नेमकं कुठे असतं, ते बघू.

तलावाकाठच्या गवतात आणि तुंबलेल्या गटारीत डास होतात, ते बहुतेक रात्री चावतात. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास वेगळा. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो. त्याला साठवलेलं पाणी लागतं : रांजण, ड्रम, सिमेंटची टाकी, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, जुनं टायर, नारळाची करवंटी. तो फार लांब उडत नाही. आपल्या घरात चावणारा एडिस बहुतेक आपल्याच गल्लीत जन्मलेला असतो.

२००६ साली शेजारच्या मालेगावासह महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. या आजारात ताप उतरला तरी सांधे कधीकधी महिनोन्महिने धरून राहतात. मजुरीला जाणाऱ्या बाईचे हात-पाय धरले की घर अडतं आणि गटाचा हप्ताही.

धुराच्या गाडीने त्या वेळी उडणारे डास मरतात. पाण्यातल्या अळ्या मात्र तशाच राहतात. शिवाय एडिस घरात खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसतो. तिथे रस्त्यावरचा धूर नीट पोचत नाही.

आता मुख्य गोष्ट. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. भांडं कोरडं पडलं तरी ही अंडी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. भांडं आतून काथ्याने घासायचं, धुवायचं आणि उन्हात वाळवायचं.

पण नळाला रोज पाणी येत नसेल, तर भरलेला ड्रम ओतणार कोण? ओतूच नका. पाणी यायच्या आदल्या दिवशी कोरडा दिवस धरा. त्या दिवशी तळाचं पाणी कपड्याला, भांड्याला, झाडांना वापरा. अळ्या दिसल्या तर पाणी जुन्या लुगड्यातून गाळून घ्या. अळ्या कोरड्या मातीवर टाका, गटारीत नको. भरलेल्या भांड्यावर झाकण ठेवा. झाकण नसेल तर दाट कापड ताणून दोरीने बांधा. कापड पाण्याला टेकू देऊ नका.

जी टाकी रिकामी करता येत नाही, तिच्यात गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात. माशांसाठी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. आपल्या खानदेशात घरोघरी कूलर असतात. उन्हाळा संपला की त्यातलं पाणी काढा, टाकी घासा आणि गवताच्या जाळ्या काढून टाका. तिथेही अंडी चिकटलेली असतात. संडासच्या हवेच्या पाइपाला बारीक जाळी बांधा.

घरात कुणाला ताप आला तर अंगावर काढू नका. दुकानातून ॲस्पिरिन, ब्रुफेनसारखी दुखण्याची गोळी आणू नका. डेंग्यू असेल तर तिने रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांना दाखवा आणि रक्त तपासून घ्या. आजारी माणसाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावलेला डासच पुढे दुसऱ्याला आजार देतो. आणि ताप उतरला म्हणजे धोका टळला असं समजू नका. डेंग्यूत तेच दिवस जपायचे असतात. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

एका घराने रांजण घासला आणि शेजारचा ड्रम तसाच राहिला, तर डास तिथून येणारच. म्हणून पुढच्या बैठकीत गल्लीचा एकच वार ठरवा. हप्त्याच्या वहीत घरांची यादी करा आणि दोघी-दोघींनी मिळून फेरी मारा. म्हाताऱ्या आजीचा जड रांजण त्याच फेरीत घासून द्या.