मोज्यांच्या लोकरीची कोळंबी

इंग्लंडमध्ये एके काळी मोजे रफू करण्याची लोकर पुठ्ठ्याच्या कार्डावर गुंडाळून विकत असत. त्यांतल्या ‘चॅडविक’च्या ४७७ क्रमांकाच्या लोकरीचे उत्पादन बंद पडले, तेव्हा सर्वांत जास्त हळहळले ते मोजे रफू करणारे नव्हेत, तर मासे गरवणारे! तिची जुनी कार्डे त्यांनी पुढे भारी किंमत देऊन विकत घेतली. रंगाने फिकट करडी-तपकिरी, किंचित गुलाबी झाक असलेली ही साधी लोकर. तिच्यात एवढे काय होते?

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून मासे धरणारे तुम्ही पाहिले असतील. इंग्लंडच्या नद्यांत ट्राउट मासा धरण्याची एक वेगळी रीत आहे. तीत खरे आमिष लावीत नाहीत. पिसे, केस, लोकर आणि दोरा गळावर गुंडाळून खोटा कीटक तयार करतात. त्याला ते लोक सरसकट ‘माशी’ म्हणतात, मग नक्कल खऱ्या माशीची असो, अळीची असो की कोळंबीची. माशी लावून मासा धरायचा, असा हा प्रकार आहे.

दक्षिण इंग्लंडमधील काही नद्या खडूच्या खडकातून झिरपून येणाऱ्या पाण्यावर वाहतात. झऱ्याशी हे पाणी वर्षभर सुमारे १० ते ११ अंश सेल्सियस असते, आणि इतके नितळ की तळाचा खडा न् खडा दिसावा. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तेव्हा पाण्यात कॅल्शियम भरपूर. कवच बांधणाऱ्या प्राण्यांना आणखी काय हवे! येथे गॅमरस पुलेक्स नावाचा एक कवचधारी प्राणी विपुल आढळतो. लांबी एक ते दोन सेंटिमीटर, म्हणजे आपल्या सुक्या जवळ्याएवढी. इंग्लंडातील लोक त्याला कोळंबी म्हणतात, पण ती आपल्या कोळंबीची सख्खी बहीण नव्हे, फार तर चुलत बहीण. आपल्या कोळंबीला चालण्याच्या पायांच्या ५ जोड्या असतात, हिला ७. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, त्यामुळे ती बहुधा कुशीवर पडून पोहते. गळून पडलेली, कुजकी पाने हे तिचे अन्न, आणि ती स्वतः ट्राउटचे अन्न.

विल्टशायर परगण्यातील एव्हन नदीवर फ्रँक सॉयर (१९०६–१९८०) हे नदीचे राखणदार होते. ट्राउटच्या अन्नात वाटेकरी होणारे ग्रेलिंग मासे कमी करणे हे त्यांच्या कामापैकी एक. त्यासाठी त्यांनी जी ‘माशी’ बनविली, तिच्याइतकी सोपी नक्कल दुसरी नसेल. गळाच्या दांडीवर बारीक तांब्याच्या तारेचे थर द्यायचे, त्यावर ४७७ क्रमांकाची लोकर अशी गुंडाळायची की मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता आकार यावा. शेवटी त्याच तारेच्या काही वेढ्यांनी लोकर पक्की करायची. झाले! डोळे नाहीत, मिशा नाहीत, पायही नाहीत.

तार येथे दोन कामे करते. ती दोऱ्यासारखी बांधते आणि वजनही देते. लोकरीची घनता पाण्याहून थोडीशीच अधिक, १.३ च्या आसपास. तांब्याची ८.९. म्हणून ही कोळंबी झटकन तळाकडे जाते. इतर कारागीर शिसे (घनता ११.३) वापरीत. पण गळाच्या दोरीला लावायचे शिशाचे मणी नदीकाठी सांडत, आणि हंस ते खडे समजून गिळत. पक्ष्यांच्या पेषणीत अन्न दळायला खडे लागतात, हे तुम्ही शिकला असाल. तेथे शिसे झिजून रक्तात उतरे व हंस मरत. १९८७ मध्ये ब्रिटनने ०.०६ ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या अशा शिशाच्या मण्यांच्या विक्रीवर बंदी घातली. माशीच्या पोटातही आता पुष्कळदा टंगस्टनचा मणी (घनता १९.३) असतो.

आता लोकरीचे रहस्य. यासाठी एक प्रयोग करा. गळ मुळीच वापरू नका, तो बोटात रुतला तर सहज निघत नाही. आगपेटीच्या एका काडीवर जुन्या पंख्याच्या वाइंडिंगची तांब्याची तार गुंडाळा, दुसरीवर काहीच नको. दोन्हींवर फिकट रंगाच्या लोकरीचा पातळ थर द्या आणि पाण्यात बुडवून लोकर बोटांनी दाबा. लोकर गडद झाली ना? आणि तारेवरची लोकर जरा तांबूस दिसते ना?

कोरड्या लोकरीत तंतूंच्या मधे हवा असते. लोकरीचा वक्रीभवनांक सुमारे १.५५, हवेचा १. या मोठ्या फरकामुळे प्रत्येक तंतूच्या पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो आणि लोकर फिकट, अपारदर्शक दिसते. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३. हवेची जागा पाण्याने घेतली की फरक कमी होतो, प्रकाश कमी विखुरतो, आतवर जातो व आतल्या तांब्यावरून परत येतो. आतून उजळलेले, धूसर गुलाबी शरीर! जिवंत गॅमरसही असाच अर्धपारदर्शक दिसतो.

सॉयरच्या साधेपणावर सर्वांचे समाधान झाले नाही. कुणी पाठीवर प्लॅस्टिकच्या पिशवीची पट्टी ताणून कवच दाखवितात, कुणी सशाचे केस गुंडाळून ते सुईने खाली ओढतात म्हणजे पाय झाले. वाकड्या गळावर बांधलेली कोळंबी तर दुकानात फार खपते. पण गॅमरस वाकलेला दिसतो तो आपण तळहातावर घेतल्यावर; पोहताना तो बराच सरळ होतो. म्हणजे ही नक्कल माशापेक्षा आपल्याच डोळ्यांसाठी केलेली दिसते!

याहून मौजेची गोष्ट नारिंगी ठिपक्याची. काही कारागीर कोळंबीच्या मधोमध एक नारिंगी ठिपका ठेवतात. हा ठिपका खरा आहे. पोम्फोर्‍हिंकस लेव्हिस नावाचा काटेरी डोक्याचा एक परोपजीवी कृमी माशाच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात येतात, गॅमरस ती खातो आणि कृमीची नारिंगी अळी त्याच्या कवचातून दिसू लागते. हा रंग कॅरोटिनॉइड गटातील द्रव्यांचा आहे. शिजल्यावर लाल होणाऱ्या कोळंबीचा रंगही याच गटातला. अळीला पुन्हा माशाच्या पोटात जायचे असते. निरोगी गॅमरस उजेड टाळून दगडाखाली दडतो. बाधा झालेला मात्र उजेडाकडे जातो!

मग मासा कशाला भुलतो, ठिपक्याला की वागण्याला? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी गॅमरसवर नारिंगी ठिपका रंगविला, आणि स्टिकलबॅक या छोट्या माशांनी तसे गॅमरस अधिक खाल्ले. उत्तर मिळाले असे वाटले. पण २००९ साली फ्रान्समधील संशोधकांनी ट्राउटवर प्रयोग केला. त्यांनी निरोगी गॅमरसवर ठिपका रंगविलाच, शिवाय बाधित गॅमरसचा खरा ठिपका तपकिरी रंगाने झाकला. ही दुसरी बाजू तपासणे महत्त्वाचे होते. ठिपका कारणीभूत असेल तर तो झाकल्यावर बाधित गॅमरस वाचायला हवेत. तसे झाले नाही. ठिपका झाकलेले बाधित गॅमरस पूर्वीइतकेच खाल्ले गेले, आणि रंगविलेल्या निरोगी गॅमरसना ट्राउटने जास्त पसंती दिली नाही. निदान ट्राउटपुरता तरी ठिपका बिनमहत्त्वाचा ठरला. कृमीला तो रंग मग कशासाठी हवा, हा वाद चालूच आहे.

सॉयर आपली कोळंबी तळाजवळ वाहत येऊ देत आणि ती माशासमोर आली की काठीचे टोक हळूच उचलीत. पाय नसलेला तो लोकरीचा गोळा तळ सोडून वर, उजेडाकडे निघे. माशाला तोंड उघडायला तेवढे पुरत असे.