मासळीचा मुरघास आणि चिवट यीस्ट

मासळी साफ केल्यावर उरलेली डोकी, काटे, आतडी बारीक करून ॲसिडमध्ये टिकवायची आणि डुकरा-कोंबड्यांना चारायची, हा मासळीचा मुरघास. त्याचं मूळ गोठ्यात आहे. फिनलंडच्या आर्टुरी विर्टानेन यांनी १९२० च्या दशकाअखेरीस हिरव्या चाऱ्यात सौम्य हायड्रोक्लोरिक व सल्फ्युरिक ॲसिड मिसळून पीएच ४ च्या खाली आणला. १९४५ साली त्यांना नोबेल मिळालं. १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये ही युक्ती मासळीवर करून पाहिली गेली आणि १९४८ पासून डेन्मार्कमध्ये तिचं व्यापारी उत्पादन सुरू झालं.

सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष होतं ते बॅक्टेरियांवर, आणि ते रास्तच होतं. नासवणारे बहुतेक बॅक्टेरिया पीएच ४ ला हात टेकतात. यीस्ट टेकत नाही.

पुढे फॉर्मिक ॲसिड रुळलं. ॲबरडीनच्या टोरी संशोधन केंद्राने प्रमाण सांगितलं: एक टन मासळीला ८५ टक्क्यांचं ३५ किलो. फॉर्मिकचे न विघटलेले रेणू पेशीच्या आवरणातून आत शिरून मग फुटतात, म्हणून पीएच ४ च्या आसपासही ते काम करतं. खनिज ॲसिड वापरलं तर पीएच २ पर्यंत न्यावा लागतो आणि चारण्याआधी खडूची भुकटी घालून आंबटपणा मारावा लागतो.

यीस्टने खरा त्रास दिला तो आंबवलेल्या मुरघासात. ॲसिड महाग पडतं तिथे मळी आणि लॅक्टिक बॅक्टेरिया घालून काम भागवलं जातं, पण उरलेली साखर यीस्टलाही हवीच असते. पिंपाचं झाकण फुगतं, उघडताच फसफसून वायू निघतो, दारूसारखा वास येतो. हे निदान कळतं तरी. वरच्या थराला हवा लागली की काही जातींचं यीस्ट लॅक्टिक ॲसिडच खाऊ लागतं. पीएच हळूहळू चढतो आणि थोपवलेले बॅक्टेरिया परततात. मक्याच्या मुरघासाचा खड्डा उघडल्यावर चारा तापतो, हे आपल्याकडच्या दूध उत्पादकांनी पाहिलेलं आहे. तीही बहुधा यीस्टचीच करणी.

प्रोपिऑनिक ॲसिड किंवा पोटॅशियम सॉर्बेट हे त्यावरचे उतारे. तरीही पहिल्या दिवसाच्या पीएचवर अजून फार भिस्त ठेवली जाते, असं मला ठामपणे वाटतं. आंबवलेल्या मुरघासाचं पिंप काठोकाठ भरून हवाबंद ठेवावं, आणि उघडल्यावर पीएचची पट्टी ढवळण्याआधी, अगदी वरच्या थरात बुडवावी.