येणं कधी येणार?

वर्षभर फोन न उचलणारं मोठ्या कंपनीचं अकाउंट्स खातं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून फोन करतं. ‘तुमचं लघुउद्योग नोंदणीचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा, किती बिलं बाकी आहेत ते कळवा.’ भोसरीपासून सातपूरपर्यंतच्या वर्कशॉपवाल्यांना हा फोन आता ओळखीचा झाला आहे. २०२३च्या वित्त कायद्याने आयकरात आणलेल्या ४३बी (एच) या कलमाचा हा परिणाम. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच ती वजावट मिळते.

या कलमावर करसल्लागारांनी भरपूर लिहिलं आहे. मला ते व्यवस्थापनाचा धडा म्हणून महत्त्वाचं वाटतं, आणि हा धडा आपण नीट शिकवत नाही असं माझं ठाम मत आहे.

बारावी कॉमर्सची मुलं हेन्री फेयॉलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वं पाठ करतात. हा फेयॉल मुळात खाणीतला अभियंता. १८८८मध्ये त्याच्या हाती आलेली फ्रेंच खाण-पोलाद कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. ती त्याने सावरली आणि पुढे तीस वर्षं चालवली. १९१६मध्ये त्याने आपले अनुभव मांडले, तेव्हा उद्योगातल्या कामांचे सहा गट केले. त्यांत पैशाची तजवीज हा एक गट आणि हिशेब हा दुसरा. दोन्ही वेगळे! मुलं १४ तत्त्वं लक्षात ठेवतात, ही फारकत विसरतात. आपल्या छोट्या कारखान्यांत ही दोन्ही कामं आठवड्यातून दोनदा येणाऱ्या एकाच अकाउंटंटवर सोपवलेली असतात. तो हिशेब चोख ठेवतो. येत्या १५ तारखेला खात्यात पैसे असतील का, हे पाहणं त्याचं काम नसतं आणि मालक तर मशीनवर उभा असतो.

आकडे मांडून पाहू. समजा, एका वर्कशॉपचं महिन्याचं बिलिंग १० लाख आणि पैसे येतात ९० दिवसांनी. म्हणजे कायम ३० लाख रुपये बाहेर. तेच ४५ दिवसांत आले तर १५ लाख. मधले १५ लाख कॅश क्रेडिटमधून ११ टक्क्यांनी उचलले, तर वर्षाचं व्याज १ लाख ६५ हजार. उलाढालीवर ५ टक्के नफा धरला तर तो सहा लाख. नफ्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम निव्वळ वाट पाहण्यात जाते. आता याच वर्कशॉपला दुप्पट ऑर्डर मिळाली तर? येणं ६० लाखांवर जाईल. पेढे वाटले जातील आणि तिसऱ्या महिन्यात पगाराला पैसे नसतील. ऑर्डर वाढल्यामुळे कारखाना अडचणीत येतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण गणित तेच सांगतं.

देणी थांबत नाहीत. ७ तारखेच्या आत पगार, १५च्या आत पीएफ, आणि बिल फाडलं की पुढच्या महिन्यात जीएसटी, त्या बिलाचे पैसे आलेले असोत वा नसोत.

सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमईडी कायद्यात पैसे देण्याची मुदत स्पष्ट आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज. पण पुढची ऑर्डर जाईल या भीतीने ते व्याज मागायला छोटा उद्योजक धजत नाही. ही भीती खरी आहे, त्याला भित्रा म्हणणं अन्यायाचं ठरेल. म्हणूनच ४३बी (एच)चं मी स्वागत करतो. इथे मागणाऱ्याला काहीच मागावं लागत नाही, खरेदीदाराचा स्वतःचा करच वाढतो. अर्थात मध्यम उद्योग आणि निव्वळ व्यापारी या संरक्षणाच्या बाहेर आहेत.

कायद्याचा फायदा मिळायचा तर कागद हवा. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जात नाही. माल पोचल्यापासून, आणि १५ दिवसांत लेखी तक्रार आली तर ती मिटल्यापासून ती मोजतात. त्यामुळे चलनावर गेटचा तारखेसह शिक्का घेतला नाही, की पुढे दिवस कुठून मोजायचे यावरच वाद. रिजेक्शनचं तोंडी सांगून महिना काढला जातो, तिथेही हाच कागद उपयोगी पडतो. टेम्पोच्या ड्रायव्हरला पोच आणायला शिकवणं हे व्यवस्थापनातलं फार मोठं कौशल्य आहे, असं मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागांना एक विनंती: मार्चची वाट पाहू नका, तुमच्या पुरवठादाराकडचे पगारही दर महिन्याला होतात. आणि वर्कशॉपवाल्यांनो, बिलावर उद्यम नंबर छापा, येणी तारखेनुसार लावा आणि येत्या सोमवारी सकाळी पहिला फोन सर्वांत जुन्या बिलासाठी करा.